गोबेल्स मेला, फ्रिट्शे सुटला

मराठीत ‘गोबेल्स’ हे आता विशेषनाम राहिलेले नाही. ते सामान्यनाम झाले आहे, किंबहुना शिवी झाले आहे. निवडणुकीचा हंगाम आला की ‘गोबेल्सनीती’, ‘गोबेल्सतंत्र’, ‘गोबेल्सचे वंशज’ हे शब्द अग्रलेखांतून, व्यासपीठांवरून आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यांवरून झडू लागतात. हे शब्द वापरणाऱ्यांत पक्षभेद नाही. ज्याच्यावर आरोप होतो तो दुसऱ्या दिवशी तोच आरोप फिरवून परत करतो. आणि प्रत्येक वेळी ते एक वाक्य येते : असत्य शंभरदा (कोणी हजारदा म्हणतात) सांगितले की ते सत्य होते, असे गोबेल्स म्हणाला होता.

आम्ही मराठी साहित्य शिकवतो, त्यामुळे अवतरणाचा स्रोत विचारण्याची खोड आम्हांला आहे. या अवतरणाला स्रोत नाही. गोबेल्सच्या भाषणांत, लेखांत वा रोजनिशीत हे वाक्य या रूपात कोणाला सापडलेले नाही. ‘मोठे असत्य’ ही कल्पना हिटलरच्या आत्मवृत्तात आहे, पण तेथे ती ज्यूंवरील आरोप म्हणून येते. गोबेल्सने १९४१ च्या जानेवारीत जो लेख लिहिला त्यात असत्याला चिकटून राहण्याचे हे तंत्र त्याने इंग्रजांच्या, विशेषतः चर्चिलच्या, माथी मारले. म्हणजे गोबेल्सने प्रत्यक्षात केले ते एवढेच की असत्याचे तंत्र हे प्रतिपक्षाचे आहे असे मोठ्याने सांगितले. आपल्याकडे ‘गोबेल्स’ हा शब्द ज्या रीतीने वापरला जातो ती रीत तंतोतंत हीच आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही याची आम्हांला गंमत वाटते. आणि गंमत ओसरल्यावर थोडी भीतीही वाटते.

आमचे म्हणणे मात्र अवतरणाच्या शुद्धाशुद्धतेपुरते नाही. गोबेल्सला एकट्याला दैत्य करून ठेवल्याने एक फार मोठी सोय होते. गोबेल्स १ मे १९४५ रोजी बर्लिनमध्ये मेला. त्याने व त्याच्या पत्नीने स्वतःच्या सहा मुलांना विष दिले आणि मग स्वतःला संपवले. दैत्य संपला, कथा संपली. पण प्रचार हे एका माणसाचे काम नव्हते. त्यासाठी मंत्रालय होते, त्यात विभाग होते, विभागांना प्रमुख होते, प्रमुखांच्या हाताखाली लिहिणारे, वाचणारे, भाषांतर करणारे, मुद्रिते तपासणारे शेकडो शिकलेले लोक होते. ते मेले नाहीत. ते घरी गेले, काहींनी पुस्तके लिहिली, काही प्राध्यापक झाले. आमचा विषय ते आहेत, कारण आमच्यासारखे तेच आहेत.

‘आमच्यासारखे’ हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो. खुद्द गोबेल्स हा वाङ्मयाचा विद्यार्थी होता हे आपल्या विभागांत फारसे सांगितले जात नाही. हायडेलबर्ग विद्यापीठात त्याने १९२१ साली जर्मन स्वच्छंदतावादाच्या काळातील विल्हेल्म फॉन श्यूट्स या दुय्यम नाटककारावर प्रबंध सादर केला. त्याला मार्गदर्शन हवे होते ते फ्रीड्रिख गुंडोल्फ या नामवंत समीक्षकाचे. ते मिळाले नाही आणि माक्स फॉन वाल्डबर्ग यांच्याकडे तो गेला. दोघेही ज्यू कुळातले. पुढे नाझी राजवटीत याच वाल्डबर्गांचा अध्यापनाचा अधिकार काढून घेतला गेला. गोबेल्सने ‘मिखाएल’ नावाची कादंबरी लिहिली, ती १९२९ मध्ये छापली गेली आणि ती वाईट होती. आचार्यपदवी, दुय्यम नाटककारावरचा प्रबंध, न खपलेली कादंबरी : आपल्यापैकी कितीजणांचा परिचय याहून वेगळा आहे?

आता फ्रिट्शेकडे येऊ. हान्स फ्रिट्शे (१९००–१९५३) हा पत्रकार. १९३२ पासून तो नभोवाणीवर बोलत असे. १९३३ मध्ये पक्षात आला. १९३८ पासून प्रचार मंत्रालयात देशांतर्गत वृत्तपत्रांच्या विभागाचा प्रमुख आणि १९४२ च्या नोव्हेंबरपासून नभोवाणी विभागाचा प्रमुख. ‘बोलतो आहे हान्स फ्रिट्शे’ अशा शब्दांनी ओळखला जाणारा त्याचा आवाज घराघरांत पोचला होता. तो आवाज आरडाओरडीचा नव्हता; शांत, विचारी, किंचित उपरोधिक, सुशिक्षित माणसाला पटेल असा होता. १९४५ च्या मे महिन्यात तो रशियनांच्या हाती लागला, मॉस्कोतील तुरुंगात राहिला आणि तेथून न्यूरेंबर्गच्या आरोपीच्या पिंजऱ्यात आला. गोबेल्स मेलेला असल्याने त्याच्या जागी कोणीतरी उभे करायचे म्हणून हा उभा राहिला, असे तेव्हाही म्हटले गेले.

१ ऑक्टोबर १९४६ रोजी तो निर्दोष सुटला. शाख्ट आणि फॉन पापेन यांच्यासह सुटलेल्या तिघांपैकी हा एक. सोव्हिएत न्यायाधीशाने भिन्नमत नोंदवले. न्यायालयाची कारणमीमांसा मुळातून वाचण्यासारखी आहे, आणि आमच्या मते ती भाषेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी. प्रचाराची धोरणे ठरवण्याइतके त्याचे पद मोठे नव्हते. त्याची भाषणे ज्यूद्वेष्टी होती खरी, पण त्यांत संहाराचे थेट आवाहन नव्हते. काही खोट्या बातम्या त्याने पसरवल्या, पण त्या खोट्या आहेत हे त्याला ठाऊक होते असे सिद्ध झाले नाही. उदाहरण ‘अथेनिया’ या बोटीचे. युद्ध सुरू झाले त्याच दिवशी, ३ सप्टेंबर १९३९ ला, ही इंग्रजी प्रवासी बोट जर्मन पाणबुडीने बुडवली आणि शंभरावर माणसे मेली. फ्रिट्शेने सांगितले की त्या भागात जर्मन पाणबुडी नव्हतीच. न्यायालय म्हणते, ही माहिती त्याला नौदलाकडून मिळाली होती; तिच्यावर अविश्वास ठेवण्याचे त्याला कारण नव्हते.

१८ डिसेंबर १९४१ च्या प्रक्षेपणात मात्र हाच मनुष्य सांगत होता की युरोपातील ज्यूंचे नशीब फ्यूररने भाकीत केले होते तितकेच वाईट निघाले आहे, आणि ते नव्या जगातही पसरेल. त्या महिन्यात पूर्वेकडे सामूहिक हत्या चालू होत्या. वाक्यरचना पाहा : त्यात ‘आम्ही’ नाही, ‘मारले’ नाही. कर्ता नशीब आहे. व्याकरणाच्या तासाला आपण कर्तरी-कर्मणि शिकवतो तेव्हा हे उदाहरण का देत नाही?

याच खटल्यात युलिउस श्ट्रायखर फाशी गेला. त्याचे ‘देर श्ट्युर्मर’ हे साप्ताहिक बीभत्स होते, त्याची भाषा गटाराची होती, आणि त्याने संहाराची मागणी उघडपणे केली होती. कायद्याच्या दृष्टीने दोघांतला फरक खरा आहे आणि तो आम्ही नाकारत नाही. फ्रिट्शेने तर त्या साप्ताहिकावर बंदी आणण्याचा दोनदा प्रयत्न केला होता, ही गोष्टही न्यायालयाने त्याच्या बाजूने मोजली. पण त्यातून जो धडा पुढच्या प्रचारकांनी घेतला तो उघड आहे : गटाराची भाषा फाशी जाते, बैठकीची भाषा घरी जाते. जे काम श्ट्रायखरला कधीच जमले नसते, म्हणजे शिक्षक, वकील, डॉक्टर, कारकून यांना स्वस्थ झोप लावण्याचे, ते काम फ्रिट्शेच्या आवाजाने केले.

१९४७ मध्ये जर्मनांच्याच निर्नाझीकरण न्यायाधिकरणाने त्याला नऊ वर्षांच्या श्रमशिबिराची शिक्षा दिली. १९५० मध्ये तो सुटला आणि तीन वर्षांनी कर्करोगाने वारला. त्या अवधीत त्याची न्यूरेंबर्गवरील आठवणींची पुस्तके निघाली. सूर एकच : आम्हांला फसवले गेले. फसवणाऱ्यांपैकी जो वाचला तो फसलेल्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला, आणि रांगेतल्यांनी त्याला जागा करून दिली. कारण त्याला जागा नाकारली तर स्वतःलाही रांगेबाहेर पडावे लागले असते.

फ्रिट्शे निदान पिंजऱ्यात तरी उभा राहिला. पाउल कार्ल श्मिट हा रिबेनट्रॉपच्या परराष्ट्र खात्याचा वृत्तविभागप्रमुख आणि एसएसमधला वरिष्ठ अधिकारी. १९४४ च्या मे महिन्यात बुडापेस्टच्या ज्यूंवर कारवाई होणार होती, तेव्हा जगात बोभाटा होऊ नये म्हणून त्याने एक टिपण लिहिले. त्यात सुचवले होते की कारवाईला आधी बाह्य निमित्त निर्माण करावे, उदाहरणार्थ ज्यूंच्या प्रार्थनागृहांत स्फोटके सापडल्याचे दाखवावे. हे टिपण शाबूत आहे. युद्धानंतर त्याने ‘पाउल कारेल’ हे नाव घेतले आणि रशियन आघाडीवरील युद्धाचे ग्रंथ लिहिले. १९६३ च्या ‘बार्बारोसा’ ग्रंथाची भाषांतरे जगभर खपली. त्यांत जर्मन सैनिक शूर, थंडी क्रूर आणि हत्याकांडे जवळजवळ अदृश्य. १९६५ पासून काही वर्षे चौकशी चालली, ती खटल्याविना मिटली. १९९७ मध्ये तो वयोवृद्ध होऊन वारला. इंग्रजी युद्धवाङ्मयावर पोसलेल्या आमच्या पिढीतील किती मराठी वाचकांनी कारेल वाचून दुसऱ्या महायुद्धाचे ‘वस्तुनिष्ठ’ ज्ञान मिळवले असेल! आम्ही दोघांनी तरी मिळवले होते.

येथे कोणी म्हणेल, हे सगळे जर्मनीत घडले. केडगावात बसून त्याचे काय? (पंडिता रमाबाईंचे केडगाव ते दौंडजवळचे, आमचे हे नगरच्या पुणे रस्त्यावरचे, रेणुकामातेचे.) तर उत्तर असे की आमच्या शहराशी हा विषय बराच निगडित आहे. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पुकारल्यावर हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांना पकडून ज्या छावणीत आणले गेले ती अहमदनगरची, आताच्या अहिल्यानगरची. गिर्यारोहक हाइनरिख हारर याच छावणीत होता. तिबेटमधील सात वर्षांवरचे त्याचे पुस्तक आपण आवडीने वाचतो, आणि तो एसएसमध्ये होता ही गोष्ट जगाला १९९७ मध्ये कळली. पुढे त्याच नगरच्या किल्ल्यात १९४२ च्या ऑगस्टपासून नेहरू, आझाद, पटेल, आचार्य नरेंद्र देव प्रभृती कोंडले गेले. ज्या नेहरूंनी १९३८ मध्ये नाझी सरकारचे निमंत्रण नाकारले होते ते फॅसिझमविरुद्ध लढणाऱ्या साम्राज्याच्या तुरुंगात बसून भारताचा शोध लिहीत होते. इतिहास इतका सरळ नसतो, हे आम्हांला किल्ल्याच्या खंदकाकडे पाहून रोज आठवते.

आणि त्याच वेळी आकाशात मराठी भाषा दोन बाजूंनी बोलत होती. बर्लिनहून सुभाषबाबूंच्या ‘आझाद हिंद रेडिओ’वरून १९४२ पासून अनेक भारतीय भाषांत प्रक्षेपण होई, त्यांत मराठीही होती. लंडनहून बीबीसीच्या पूर्व विभागातून मराठी वार्तापत्र येई. त्या विभागात १९४१ ते १९४३ जॉर्ज ऑर्वेल नोकरीला होता. भारतीय भाषांतील वार्तापत्रांची इंग्रजी संहिता तो लिही आणि मग तिचे भाषांतर होई. त्याच्यासोबत काम करणाऱ्यांत कोल्हापूरकडच्या वेणू चितळे होत्या. पुढे १९५० मध्ये त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी निघाली, जी मराठीच्या अभ्यासकांनी कधी आपली मानली नाही.

बर्लिनच्या बाजूची हकिगत अधिक अवघड आहे, आणि येथे आम्ही प्रचलित भाबडेपणाशी भांडू इच्छितो. नेताजींच्या सहकाऱ्यांना नाझी ठरवणे हा मूर्खपणा आहे. त्यांचा शत्रू इंग्रज होता आणि त्यांना मिळेल ते ध्वनिक्षेपक हवे होते. पण ते ध्वनिक्षेपक कोणाचे होते, त्यांचा पैसा कोठून येई, हे विचारायचेच नाही, ही मराठी वीरकथेची रीत आम्हांला मान्य नाही. फ्री इंडिया सेंटरमधील मराठी सहकारी एन. जी. गणपुले यांचे ‘नेताजी इन जर्मनी’ हे पुस्तक १९५९ मध्ये भारतीय विद्या भवनाने मुंबईत काढले. उपशीर्षकातच त्यांनी हे एक अल्पज्ञात प्रकरण असल्याचे म्हटले होते. ते तसेच अल्पज्ञात राहिले. आम्हांला आग्र्याहून सुटका आवडते, काबूलमार्गे सुटका आवडते. सुटका करून घेतल्यानंतर ज्या घरात मुक्काम झाला त्या घरमालकाविषयी आम्ही बोलत नाही.

या प्रक्षेपणांमागे जर्मन परराष्ट्र खात्याचा भारतविषयक खास विभाग होता. त्याचा कर्ताधर्ता आडाम फॉन ट्रॉट. हा हिटलरविरोधी कटात सामील होता. २० जुलै १९४४ चा प्रयत्न फसला आणि २६ ऑगस्टला त्याला फाशी दिले गेले. याच विभागात सल्लागार म्हणून लुडविग आल्सडॉर्फ काम करीत होता. हे नाव प्राकृताच्या अभ्यासकांना परके नाही. १९३० च्या सुमारास अलाहाबादेस शिकवून गेलेला, ‘वसुदेवहिंडी’तील भाषा ही जैन महाराष्ट्रीचा प्राचीन नमुना आहे हे १९३६ मध्ये दाखवून देणारा, अपभ्रंश आणि जैन वाङ्मयाचा खरोखर मोठा पंडित. युद्धकाळात त्याने भारतावर जी पुस्तके लिहिली ती इंग्रजविरोधी प्रचाराच्या उपयोगाची होती. १९५० मध्ये तो हाम्बुर्गच्या अध्यासनावर बसला आणि १९७८ मध्ये सन्मानाने वारला. एका कचेरीत दोघे होते, दोघांच्या हातून इंग्रजविरोधी प्रचारच होत होता; एक फासावर गेला आणि एकाने भारतातील शाकाहार व गोपूजेच्या इतिहासावर उत्तम प्रबंधिका लिहिली.

आल्सडॉर्फचे प्राकृतावरील संशोधन फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. महाराष्ट्रीचे रूप समजून घ्यायचे तर ते वाचावेच लागेल. पण शेल्डन पोलॉक यांनी १९९३ मध्ये जर्मन संस्कृतविद्या आणि नाझी सत्ता यांच्या संबंधांचा प्रश्न उभा केल्यानंतरही आपल्या चर्चासत्रांत जर्मन पंडितांचा उल्लेख ‘आपल्या भाषेवर प्रेम करणारे परदेशी’ एवढ्याच कृतज्ञतेने होतो, हे अज्ञान आता निष्पाप राहिलेले नाही. म्युनिचचा वेदज्ञ वाल्टर व्यूस्ट हा विद्यापीठाचा रेक्टर असताना, १९४३ च्या फेब्रुवारीत, पत्रके टाकणारी सोफी शोल आणि तिचा भाऊ हान्स यांना पकडून त्याच्यापुढे आणले गेले आणि तेथून ती गेस्टापोच्या हाती गेली. चार दिवसांनी दोघांचा शिरच्छेद झाला. वेदांचे प्रेम त्या खोलीत काही कामाला आले नाही.

हा लेख लिहावासा वाटला त्याचे निमित्त मात्र जर्मन नाही. गेल्या निवडणुकीनंतर आमचा एक माजी विद्यार्थी भेटायला आला. एम.ए.ला त्याची भाषा वर्गात सर्वांत चांगली होती. ग्रामीण कवितेवर त्याने लिहिलेला निबंध अजून आमच्या कपाटात आहे. नेट झाली नाही, तासिका तत्त्वावर दोन वर्षे काढली, मग एका प्रचारसंस्थेत मजकूर लिहू लागला. दिवसाला इतके संदेश, संदेशाला इतके रुपये. एका गावात दोन समाजांत तेढ पडली त्या वेळी फिरलेल्या संदेशांपैकी काही त्याचे होते. त्याने ते आम्हांला वाचून दाखवले, आणि खरे सांगायचे तर ते उत्तम लिहिलेले होते. शिवी नाही, धमकी नाही. एक प्रश्न, एक उसासा, एक म्हण. आम्ही गप्प झालेले पाहून तो म्हणाला, “सर, काय लिहायचं ते वरून येतं. मी ठरवत नाही, फक्त शब्दांत मांडतो. खरं-खोटं तपासायला मला कुठं साधन आहे?”

न्यूरेंबर्गच्या निकालपत्रातील तिन्ही मुद्दे त्याने एका दमात मांडले होते. पद मोठे नव्हते, थेट आवाहन केले नाही, खोटे आहे हे ठाऊक नव्हते. त्याने निकालपत्र वाचलेले नव्हते. वाचायची गरजच पडत नाही.

आमच्या एका सहकाऱ्यांचे मत असे की या मुलावर रागावण्याचा आपल्याला अधिकार नाही. व्यवस्थेने त्याला नोकरी दिली नाही. पहिला भाग आम्हांला मान्य आहे, दुसरा अपुरा वाटतो. कारण नोकरी न देणाऱ्या व्यवस्थेत आम्हीही आहोत आणि ते कौशल्य देणाऱ्या व्यवस्थेत तर आम्हीच आहोत. आमच्या व्यावहारिक मराठीच्या तासाला जाहिरातलेखन शिकवतात, घोषवाक्य कसे आकर्षक असावे हे शिकवतात, नभोवाणी संहितेचे गुणविशेष पाच गुणांसाठी लिहून घेतात. त्या संहितेतील मजकूर खोटा असेल तर लेखकाने काय करावे, हा प्रश्न आम्ही वीस वर्षांत एकदाही प्रश्नपत्रिकेत काढला नाही. काढला असता तर ‘अभ्यासक्रमाबाहेरचा’ म्हणून तक्रार झाली असती, आणि ती ग्राह्य धरली गेली असती.

ऑर्वेलचे उदाहरण आम्ही त्या मुलाला दिले. तोही प्रचारच करीत होता, नीतिदृष्ट्या बऱ्या बाजूचा. तरी रोजनिशीत त्याने स्वतःशी कबूल केले की प्रचार खरे बोलत असला तरी तो असत्यच असतो. आणि १९४३ मध्ये, आपला वेळ व जनतेचा पैसा वाया जातो आहे असे कारण देऊन, राजीनामा दिला. क्लेम्पररविषयीही सांगितले. ड्रेस्डेनचा हा ज्यू प्राध्यापक फ्रेंच वाङ्मयाचा अभ्यासक. खुर्ची गेली, ग्रंथालय बंद झाले, तेव्हा नाझींच्या भाषेतले शब्द कसे बदलताहेत हे तो जिवावर उदार होऊन टिपत राहिला. ‘धर्मवेडा’ हा निंदेचा शब्द स्तुतीचा कसा झाला, याची त्याने नोंद ठेवली. १९४७ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. आमच्या भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत सोस्यूर आहे, ब्लूमफिल्ड आहे, क्लेम्परर नाही.

मुलाने ऐकून घेतले. मग विचारले, “ऑर्वेलला दुसरी नोकरी होती का, सर?”

होती. बीबीसी सोडताच तो ‘ट्रिब्यून’ साप्ताहिकाचा वाङ्मय-संपादक झाला. हे आम्हांला ठाऊक होते आणि आम्ही ते त्याला सांगितले; खोटे बोलणे त्या क्षणी सोपे होते तरी.

रुआंडात १९९४ च्या नरसंहाराला चेतवणाऱ्या नभोवाणी केंद्राचा एक संस्थापक फर्दिनां नाहिमाना हा विद्यापीठातला इतिहासाचा प्राध्यापक होता. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याला दोषी ठरवले. त्या निकालपत्रात श्ट्रायखर आणि फ्रिट्शे या दोन्ही खटल्यांचा ऊहापोह आहे. म्हणजे कायदा आपली चूक वा मर्यादा पन्नास वर्षांनी का होईना तपासतो. मराठी समीक्षा मात्र अजून ‘गोबेल्स’ या एका शब्दावर भागवते आहे. येत्या सत्रात आम्ही दोघे व्यावहारिक मराठीच्या अंतर्गत मूल्यमापनासाठी ‘अथेनिया’ची बातमी देणार आहोत : नौदलाकडून आलेली माहिती अमुक, मुदत अर्धा तास, बातमी लिहा. वर्गात किती जण “आणखी कोणाला विचारता येईल का?” असे विचारतात, ते मोजून येथेच कळवू.